दाताच्या रंगाचं फिलिंग पहिल्यांदा करून घेताय? मग एवढं माहीत असू द्या

कॉम्पोझिट या दाताच्या रंगाच्या फिलिंगला ओलाव्याचं वावडं असतं. दवाखाना किती चकचकीत आहे, साहित्य कुठल्या कंपनीचं आहे, याने थोडाफार फरक पडतो. पण भरताना दात किती कोरडा राहिला आणि डॉक्टरांनी त्याला किती वेळ दिला, यावर ते फिलिंग दोन वर्षांत निघणार की दहा वर्षं टिकणार हे बरंचसं ठरतं. पेशंट म्हणून आपण जे काही करू शकतो ते याच दोन गोष्टींसाठी.

मी डॉक्टर नाही. माझ्या तोंडात अशी काही फिलिंग्ज आहेत, घरातल्या मोठ्यांना आणि मुलांना घेऊन जाऊन मी खुर्चीशेजारी बसलोय, आणि दर वेळी प्रश्न विचारून डॉक्टरांना भंडावून सोडलंय. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी साहित्याबद्दल थोडं. आपल्याकडे दात भरायला मुख्यतः तीन गोष्टी वापरतात. पहिली चांदी, म्हणजे अमाल्गम. तिच्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. दुसरं जीआयसी, म्हणजे ग्लास आयनोमर सिमेंट. हे पांढरं असतं, दाताला आपसूक चिकटतं, थोडं फ्लोराइड सोडतं, पण चावण्याच्या जागी लवकर झिजतं. तिसरं कॉम्पोझिट: रेझिनमध्ये काचेची अतिबारीक पूड मिसळलेला मऊ लगदा, जो निळ्या प्रकाशाखाली काही सेकंदांत कडक होतो. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं की दाताच्या आवरणावर थोडा वेळ आम्ल लावलं की ते खरखरीत होतं आणि रेझिन त्याला घट्ट धरून राहतं. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला राफेल बोवेन यांनी आजच्या कॉम्पोझिटचं मूळ रेझिन तयार केलं. आजही पद्धत तीच आहे: आम्ल, मग चिकटद्रव्य, मग थर. आणि यातल्या कुठल्याही टप्प्यावर थुंकी किंवा रक्त मध्ये आलं की पकड गेली.

पायरी १: फिलिंगनेच भागणार आहे ना, हे आधी ठरू द्या

घरून निघण्यापूर्वी आपल्या दुखण्याची जात ओळखा, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

थंड पाणी किंवा गोड लागलं की सणकन कळ येते आणि काही सेकंदांत थांबते, असं असेल तर बहुधा फिलिंगवर भागेल. पण गरम चहाने सुरू झालेली कळ पाच-दहा मिनिटं जात नसेल, काहीही न खाता दाढ आपोआप ठणकत असेल, रात्री आडवं पडलं की जास्त दुखत असेल, तर कीड नसेपर्यंत पोचली असण्याची शक्यता मोठी. तिथे रूट कॅनाल लागतं. अशा दाढेत वरून सुंदर कॉम्पोझिट भरून घेतलं तर पैसे गेले आणि दुखणं आत कोंडलं गेलं, एवढंच होतं.

एक्स-रे काढल्याशिवाय खोल खड्डा भरायला बसू नका. छोटा एक्स-रे एका-दोन दातांचा मुळापर्यंतचा भाग दाखवतो. दोन दाढांच्या मध्ये लपलेली कीड बघायला बाइटविंग नावाचा वेगळा एक्स-रे असतो, कारण ही कीड आरशात दिसत नाही आणि वरून दाढ धडधाकट वाटते. हल्ली बहुतेक ठिकाणी तो लगेच संगणकावर दिसतो. ‘मला दाखवा, कीड कुठेय?’ असं विचारा. चांगले डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून दाखवतात.

उलट बाजूचा सापळाही आहे. मोफत तपासणी शिबिरात गेलात आणि सात-आठ दात भरायची यादी हातात पडली, तर घाई करू नका. दाढेच्या खाचांमध्ये दिसणारी प्रत्येक तपकिरी रेघ कीड नसते. चहाचे, तंबाखूचे डाग असतात, किंवा केव्हाच थांबलेली जुनी कीड असते. यादी मोठी असेल तर एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

पायरी २: कुठे जायचं

साध्या फिलिंगसाठी बीडीएस डॉक्टर पुरेसे असतात. कीड नसेच्या अगदी जवळ असेल, किंवा पुढच्या दाताचा मोठा तुकडा उडालाय आणि तो हुबेहूब घडवायचा असेल, तर ‘कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री आणि एंडोडॉन्टिक्स’ या विषयातले एमडीएस शोधा. नाव लांबलचक आहे, पण पाटीवर तेच लिहिलेलं असतं. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पावतीवर किंवा भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर दिसायला हवा. आठवडी बाजारात किंवा बसस्टँडबाहेर पेटी मांडून पन्नास-शंभर रुपयांत दात ‘बसवून’ देणाऱ्यांकडे चुकूनही जाऊ नका. कीड न काढताच ते वरून अ‍ॅक्रिलिक थापतात आणि खाली दात सडत राहतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतला किडा काढून दाखवतात, तोही खेळच. दातात किडा नसतो. जिवाणूंनी केलेलं आम्ल दात पोखरतं.

पैशांची अडचण असेल, किंवा नसली तरी, दंत महाविद्यालयाचा विचार जरूर करा. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. याखेरीज खासगी महाविद्यालयंही बरीच आहेत आणि त्यांचे दर बाहेरच्यापेक्षा कमी असतात. तिथली रीत अशी: सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, आधी तपासणी विभाग, मग एक्स-रे, मग फिलिंगचा विभाग. काम शिकाऊ डॉक्टर करतात आणि शिक्षक टप्प्याटप्प्याला येऊन तपासतात. अख्खी सकाळ जाते आणि पुन्हा बोलावतात, हे खरं. पण शिकाऊ डॉक्टरला पुढचा पेशंट घ्यायची घाई नसते, आणि पुस्तकात सांगितलेली प्रत्येक पायरी त्याला करावीच लागते, कारण मागे मॅडम उभ्या असतात. कॉम्पोझिटला नेमकं हेच मानवतं. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने महाविद्यालयाला नाक मुरडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खासगीत जात असाल तर अपॉइंटमेंट घेताना विचारा, ‘एका फिलिंगला किती वेळ ठेवता?’ दोन दाढांच्या मधल्या खड्ड्याला पाऊण तास ते तास लागणं रास्त आहे. ‘दहा मिनिटांत होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर मी दुसरीकडे फोन लावतो.

पायरी ३: सोबत काय न्यायचं, काय सांगायचं

न्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत:

- दातांचे जुने एक्स-रे किंवा त्यांचे मोबाइलमधले फोटो
- चालू औषधांची यादी किंवा सरळ गोळ्यांची पाकिटं
- सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात आधार कार्ड आणि जुना केस पेपर असेल तर तो
- मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर सोबत कुणीतरी

सांगायच्या गोष्टी मात्र जास्त महत्त्वाच्या. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, दमा, गरोदरपण, पूर्वी भुलीच्या इंजेक्शनने झालेला त्रास, रबराची अ‍ॅलर्जी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका. फक्त डॉक्टरांना सांगा. गरोदर असाल आणि थांबता येण्यासारखं असेल तर चौथा ते सहावा महिना सोयीचा मानतात.

आणि एक गोष्ट आपल्याकडे कुणीच सांगत नाही: लवंग. दाढ दुखली की घरोघरी लवंगेचं तेल कापसावर घेऊन खड्ड्यात ठेवतात. तात्पुरतं बरं वाटतंही. पण लवंगेतलं युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. त्यामुळे फिलिंगला जायचं ठरलं की लवंगतेल थांबवा, आणि लावलं असेल तर खुर्चीत बसल्याबरोबर सांगा. आधी कुणी तात्पुरतं सिमेंट भरलं असेल तर तेही सांगा, कारण त्यातल्या काही प्रकारांत हेच युजेनॉल असतं. डॉक्टर मग खड्डा नीट साफ करून घेतील किंवा पुढची तारीख देतील.

पोटभर खाऊन जा. नंतर ओठ बधिर असतो, दोन-तीन तास नीट खाता येत नाही. मधुमेह असेल तर उपाशीपोटी जाऊच नका. गोळी किंवा इन्सुलिन आणि जेवण नेहमीच्या वेळेला. निघताना दात घासा. तंबाखू, मिश्री, सुपारी त्या दिवशी नको.

पायरी ४: मशीन सुरू होण्याआधी भाव आणि साहित्य बोलून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘पांढरं फिलिंग’ म्हटलं की जीआयसीही त्यात येतं आणि कॉम्पोझिटही. दोन्ही दाताच्या रंगाची, पण किंमत, ताकद आणि काम वेगळं. दोन दवाखान्यांच्या दरांत दुपटीचा फरक दिसला तर आधी हे तपासा की दोघे एकाच साहित्याचा दर सांगताहेत का. सरळ विचारा: ‘हे जीआयसी की लाइट क्युअर कॉम्पोझिट?’ थोडी आणखी गंमत म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारं जीआयसीही मिळतं, म्हणून ‘लाइटवालं’ एवढ्यावर समाधान मानू नका.

जीआयसी वाईट असतं असं मुळीच नाही. हिरडीलगत जिथे कोरडं ठेवणं अवघड, लहान मुलांच्या दुधाच्या दातांत, किंवा कीड भराभर वाढणाऱ्या तोंडात डॉक्टर मुद्दाम ते निवडतात. मिश्री लावणाऱ्या किंवा आडवा जोर देऊन ब्रश करणाऱ्या मोठ्या माणसांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडतात, तिथेही ते बऱ्याचदा भरतात. ‘मला भारीतलंच द्या’ असा हट्ट धरण्यापेक्षा ‘इथे तुम्ही हे का निवडताय?’ हा प्रश्न बरा.

अंदाजपत्रकावर आकडे दिसतील. ३६ म्हणजे छत्तीसावा दात नव्हे. पहिला आकडा जबड्याचा पाव भाग सांगतो: १ वर उजवीकडे, २ वर डावीकडे, ३ खाली डावीकडे, ४ खाली उजवीकडे, आणि उजवं-डावं आपलं, समोरच्याचं नव्हे. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून कितवा दात ते सांगतो. म्हणजे ३६ ही खालची डावी पहिली मोठी दाढ. साधारण सहाव्या वर्षी येते, दुधाच्या दातांमागे गुपचूप उगवते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि सगळ्यांत आधी तीच किडते. पोराची ‘पडणारीच आहे’ म्हणून दुर्लक्षित केलेली दाढ बऱ्याचदा हीच असते. ती पडणारी नाही.

पुढे ‘क्लास’ लिहिलेला असतो. क्लास वन म्हणजे चावायच्या पृष्ठभागावरचा खड्डा, सगळ्यांत सोपा. क्लास टू म्हणजे दाढेची शेजारच्या दाढेला टेकणारी बाजू गेली आहे. यात मेहनत आणि पैसे दोन्ही जास्त. थ्री आणि फोर पुढच्या दातांच्या बाजूचे. फोरमध्ये दाताची कडही तुटलेली असते. फाइव्ह हिरडीजवळचा.

दर गावागणिक बदलतात. खासगी दवाखान्यात लहान खड्ड्याला हजाराच्या आसपास आणि मोठ्या क्लास टूला दोन-अडीच हजार हे मला रुळलेले आकडे वाटतात. मुंबई-पुण्याच्या महागड्या भागांत याहून बरेच वर जातात. एक्स-रे धरून की वेगळा, खड्डा उघडल्यावर खोल निघाला तर आतल्या औषधी थराचे वेगळे पैसे का, हे दोन प्रश्न आधीच विचारा. दुखण्यावरच्या उपचाराला जीएसटी नाही. बिलात तो दिसला तर कारण विचारा. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दवाखान्यातल्या फिलिंगचे पैसे सहसा मिळत नाहीत, ओपीडीची जोड घेतलेली असेल तरच पॉलिसी काढून बघा.

एका वेळी किती? एका बाजूचे दोन-तीन चालतात. दोन्ही बाजूंचे एकाच दिवशी करून घेऊ नका. जेवायला एक बाजू शाबूत ठेवा. अमेरिकेहून किंवा आखातातून सुट्टीला आलेली मंडळी परतीच्या आदल्या दिवशी दात उरकून घेतात, तेही टाळा. फिलिंगनंतर पंधरा दिवस गावात असाल अशा बेताने सुरुवातीलाच करून घ्या. कारण पायरी ८ मध्ये येईल.

पायरी ५: रंग भूल देण्याआधी जुळवा

पुढच्या दातांसाठी हे फार महत्त्वाचं, मागच्या दाढांना कमी. डॉक्टर छोट्या दातांची एक पट्टी तुमच्या दातांजवळ धरतात. ए गटात तांबूस-तपकिरी, बीमध्ये पिवळसर, सीमध्ये करड्या छटा. आपल्याकडे ए-२, ए-३ वारंवार ऐकू येतात.

दात वाळला की तात्पुरता पांढरा दिसतो. अर्धा तास तोंड उघडं ठेवून मग रंग निवडला तर फिलिंग जास्त पांढरं येतं आणि दुसऱ्या दिवशी दात ओला झाला की ते ठिगळ उठून दिसतं. म्हणून रंग सुरुवातीलाच, दात ओला असताना, खिडकीच्या उजेडात. लिपस्टिक पुसून जा. भडक कपडेही नजरेला फसवतात.

दात पांढरे करून घ्यायची इच्छा असेल तर ते आधी करा. कॉम्पोझिट ब्लीचने पांढरं होत नाही, त्यामुळे उलट क्रमाने गेलात तर दात उजळतील आणि फिलिंग मळकं दिसेल. ब्लीचनंतर साधारण दोन आठवडे थांबावं लागतं, कारण दातात उरलेला ऑक्सिजन चिकटण्यात अडथळा आणतो.

पायरी ६: खुर्चीत काय काय होतं

खोल खड्डा असेल तर भूल. हिरडीत सुई टोचते तेव्हा चिमटा बसल्यासारखं वाटतं आणि पाच-दहा मिनिटांत ओठ जड होतो. छाती थोडी धडधडली तर घाबरू नका, भुलीच्या औषधात बहुधा अ‍ॅड्रेनॅलिन असतं. पण डॉक्टरांना सांगा. खड्डा उथळ असेल तर भुलीशिवायही होतं. दुखलं तर डावा हात वर करायचा, असं आधीच ठरवून घ्या. मान मात्र हलवायची नाही.

मग कीड काढणं. आवाजाने जीव घाबरा होतो, पाण्याचा फवारा उडतो. कीड नसेच्या जवळ गेली असेल तर तळाशी संरक्षक थर देतात आणि कधी कधी महिनाभर तात्पुरतं भरून वाट बघतात. ही चालढकल नव्हे, दात वाचवायची धडपड आहे.

यानंतर कोरडेपणाचा खेळ सुरू होतो. उत्तम सोय म्हणजे रबर डॅम: रबराचा पातळ पडदा, ज्यातून फक्त तो दात बाहेर डोकावतो. सुरुवातीला गुदमरल्यासारखं होतं, पण नाकाने श्वास घेत राहिलात की दोन मिनिटांत सवय होते. सर्दीने नाक बंद असेल तर त्या दिवशी अपॉइंटमेंट पुढे ढकला. डॅम नसेल तर गालात कापसाच्या गुंडाळ्या आणि थुंकी ओढणारी नळी असते. इथे तुमची कसोटी. आम्ल लावून धुतल्यापासून शेवटचा थर घट्ट होईपर्यंत तोंड मिटायचं नाही, जीभ लावून बघायचं नाही, ‘जरा थुंकू का?’ असं विचारत उठायचं नाही. कापूस भिजला असं वाटलं तर हात वर करा. बदलायला सांगणं हा तुमचा हक्क आहे.

आम्ल म्हणजे बहुधा निळं जेल, फॉस्फोरिक आम्ल सुमारे ३७ टक्के, पंधरा-वीस सेकंद. चव आंबट लागते. ते पाण्याने धुतात, चिकटद्रव्य लावतात, त्यावर प्रकाश. दोन दाढांच्या मधला खड्डा असेल तर धातूची पातळ पट्टी आणि छोटी पाचर घालतात. ती हिरडीवर दाबते, टोचते. सहन करा, त्या पाचरीमुळेच दोन दाढांमध्ये फट राहत नाही.

मग थर. घट्ट होताना कॉम्पोझिट दोन-तीन टक्के आकसतं. भिंतीचा गिलावा एकदम जाड थापला की तडकतो, तसा एकाच वेळी सगळा खड्डा भरला तर कडेने फट पडते आणि त्या फटीतून पुन्हा कीड शिरते. म्हणून सुमारे दोन मिलिमीटरचा एक थर, त्यावर साधारण वीस सेकंद निळा प्रकाश, मग पुढचा. चार मिलिमीटरपर्यंत एकदम भरता येणारे बल्क-फिल प्रकारही आहेत, ते रास्तच आहेत. निळ्या दिव्याकडे बघू नका. नारिंगी चष्मा देतात तो लावा, नाहीतर डोळे मिटा.

पायरी ७: खुर्चीवरून उठण्याआधी

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून थोडं लांबण लावतो.

डॉक्टर निळा किंवा लाल कागद दातांमध्ये धरून ‘चावा’ म्हणतात. फिलिंग जिथे केसभर उंच असेल तिथे ठसा उमटतो आणि ते तेवढंच घासतात. अडचण अशी की तुमचा अर्धा जबडा बधिर असतो आणि पाऊण तास आडवं पडल्याने जबडा वेगळ्याच जागी मिटतो. उंच आहे की नाही हे तुम्हाला कळतच नाही आणि तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होता.

तसं करू नका. ताठ बसा, चूळ भरा, मग चावा. नुसतं टकटक नको. भाकरी चावताना जसा जबडा डावी-उजवीकडे सरकतो तसं कागदावर घासून बघा. दुसऱ्या बाजूचे दात नेहमीसारखे एकमेकांना टेकतात का, तेही बघा. ती बाजू बधिर नसते, खरं ती सांगेल.

क्लास टू असेल तर डॉक्टरांकडून तिथेच फ्लॉस फिरवून घ्या. दोरा थोडा जोर लावल्यावर टक्कन आत जायला हवा आणि न फाटता बाहेर यायला हवा. सरळ घसरत गेला तर शेजारच्या दाढेला फिलिंग टेकलेलं नाही. मग पुढची कित्येक वर्षं प्रत्येक जेवणानंतर मेथीचं पान नाहीतर मटणाचा धागा तिथे अडकणार आणि हिरडी सुजणार. फाटला तर खाली खरखरीत कड राहिलीय. दोन्ही गोष्टी तिथल्या तिथे सांगितल्या तर डॉक्टर बघतात.

शेवटी पॉलिश. जीभ फिरवून बघा, गुळगुळीत लागलं पाहिजे.

पावती घ्या: तारीख, दाताचा आकडा, साहित्याचं नाव. एक्स-रेचा फोटो मोबाइलवर मागून घ्या.

पायरी ८: घरी आल्यावर

चांदी भरल्यावर चोवीस तास त्या बाजूने चावायचं नाही, हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला चांदीपुरता बरोबर होता. कॉम्पोझिट खुर्चीतच कडक झालेलं असतं. भूल उतरेपर्यंत मात्र थांबा. बधिर गाल चावला जातो, गरम चहाने भाजतं आणि कळतही नाही. लहान मुलं तर बधिर ओठ गंमत म्हणून चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजतो, तेव्हा लक्ष ठेवा. पुढच्या दातांचं असेल तर पहिले दोन दिवस हळदीची पिवळी आमटी, तांबडा रस्सा, कोकम, कोरा चहा जरा बाजूला ठेवलेलं बरं.

थंड-गरम थोडं लागणं काही दिवस, कधी दोन आठवडेही, चालतं. रोज कमी होत गेलं पाहिजे. फक्त चावताना, त्याच एका जागी, चटकन दुखत असेल तर बहुतेक फिलिंग उंच राहिलंय. ‘आपोआप बसेल’ म्हणून महिनाभर वाट बघू नका. परत जा, ते पाच मिनिटांत घासून देतात आणि याचे सहसा वेगळे पैसे नसतात. सुट्टीला आलेल्यांना पंधरा दिवस ठेवा म्हटलं ते याच्यासाठी. रात्री झोपमोड करणारा ठणका, सूज किंवा ताप असेल तर मात्र त्याच दिवशी फोन करा. नस दुखावली असू शकते.

पायरी ९: जुनी चांदी आणि पुढची वर्षं

कॉम्पोझिट करून घेतलं की अनेकांना तोंडातली जुनी काळी चांदी खुपायला लागते. पाऱ्याच्या वापरावर जगभर आळा घालायचा मिनामाता करार आहे, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दातांतल्या अमाल्गमवर जवळपास बंदी घातली. हे वाचून लोक घाबरतात. पण शाबूत असलेली चांदी केवळ भीतीपोटी उकरू नका. काढताना पाऱ्याची वाफ उलट जास्त सुटते आणि थोडा चांगला दातही कापला जातो. कड तुटली, खाली पुन्हा कीड लागली, तर बदला. नुसती दिसते म्हणून बदलायची असेल तर तो हौसेचा खर्च आहे, हे समजून करा.

दाढेचा अर्ध्याहून जास्त भाग गेला असेल, टोकं मोडली असतील, तर तिथे कॉम्पोझिटचा डोंगर उभारून घेऊ नका. ऑनले, म्हणजे दाढेचा वरचा भाग झाकणारा बाहेर घडवलेला तुकडा, किंवा कॅप लागते. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री घालायची पट्टी बनवून घ्या, नाहीतर कितीही चांगलं फिलिंग चेचलं जाईल.

पुढच्या दातांवर बांधलेल्या कडेने ऊस सोलणं, सुई-दोऱ्यातला दोरा तोडणं, बाटलीचं झाकण उघडणं बंद. पेरू कापून खा. मागच्या दाढेने सुपारी फोडणंही बंद. कोळशाची नि लाल दंतमंजनं पॉलिश घालवतात. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट पुरे. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश आठवडेच्या आठवडे वापरलं तर फिलिंगवर तपकिरी डाग चढतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरा.

वर्षातून एकदा दाखवा. कडेला तपकिरी रेघ दिसली की फिलिंग काढून नवीन करावंच लागतं असं नाही. वरवरचा डाग पॉलिशने जातो. कोपरा उडाला असेल तर जुन्या कॉम्पोझिटला तेवढाच नवा तुकडा जोडता येतो, आणि हा या साहित्याचा चांदीवरचा मोठा फायदा आहे. त्यामुळे डॉक्टर सरळ ‘काढून नवीन करू’ म्हणाले तर एकदा विचारून बघा: ‘डागडुजी होईल का?’ आणि फ्लॉस अचानक त्याच जागी फाटायला लागला, किंवा आधी न अडकणारं अन्न तिथे अडकायला लागलं, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट न बघता जा.